कोणती किल्ली कुठलं कुलूप उघडते: फोन आणि डिजिटल मालमत्ता सांभाळायची रीत

फोन सुरक्षित करायचा म्हटलं की बहुतेक जण अँटिव्हायरस शोधायला लागतात. ते राहू द्या. आधी एक कागद घ्या आणि त्यावर आपली महत्त्वाची खाती लिहा: ईमेल, बँक, मेसेजिंग, फोटोंचं क्लाउड, सोशल मीडिया, क्रिप्टो वॉलेट असेल तर तेही. मग प्रत्येकासमोर लिहा की 'पासवर्ड विसरलो' दाबल्यावर नवा पासवर्ड ठरवायची लिंक किंवा कोड कुठे येतो. जवळजवळ सगळे बाण दोनच ठिकाणी जाऊन थांबतात: एक ईमेल खातं आणि एक मोबाइल नंबर. हा नकाशा चोरालाही पाठ असतो. तो बँकेची तिजोरी फोडत बसत नाही. ईमेल किंवा नंबर ताब्यात घेतो आणि बाकीची कुलपं 'विसरलो' म्हणत उघडून घेतो. म्हणून कामाचा क्रमही त्याच नकाशाप्रमाणे ठेवायचा: आधी ईमेल, मग सिम, मग फोन, मग बाकीचं.

ईमेल

या खात्याचा पासवर्ड जगात दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. एखाद्या फुटकळ वेबसाइटचा डेटा फुटतो, त्यातल्या ईमेल-पासवर्डच्या जोड्या विकल्या जातात आणि संगणक त्या जोड्या शेकडो ठिकाणी लावून बघतात. पासवर्ड कितीही लांबलचक असो, दोन ठिकाणी एकच असला की त्या लांबीचा उपयोग संपला. डोक्यात ठेवण्याजोगा पण अंदाज न येणारा पासवर्ड हवा असेल तर डाइसवेअर पद्धत वापरा. पाच फासे टाकायचे, आलेल्या आकड्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द उचलायचा आणि असे सहा शब्द ओळीने जोडायचे. शब्द आपल्या मनाने निवडायचे नाहीत, कारण मन नेहमी मुलांची नावं आणि जन्मसालंच सुचवतं.

बाकीच्या खात्यांचे पासवर्ड पासवर्ड मॅनेजरवर, म्हणजे पासवर्ड तयार करून जपून ठेवणाऱ्या ॲपवर, सोपवा. त्याचा एक फायदा फारसा सांगितला जात नाही. मॅनेजर पासवर्ड भरताना वेबसाइटचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळवतो. पान हुबेहूब बँकेचं दिसतंय, पण मॅनेजर पासवर्ड भरायला तयार नाही, असं झालं तर हाताने टाइप करू नका. आपल्या डोळ्यांना न दिसलेला फरक त्याला दिसलेला असतो.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची शिस्त मात्र सोडून द्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७च्या मार्गदर्शिकेतच ती काढून टाकली. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, दुसरं काही करत नाहीत. पासवर्ड फुटल्याचं कळलं की तो बदलायचा, आणि तेव्हा लगेच बदलायचा. आपला ईमेल कुठल्या गळतीत सापडला आहे का, हे ट्रॉय हंट यांनी २०१३ साली सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर फुकट तपासता येतं.

आता दुसरं कुलूप, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन: पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणं. यात तीन पायऱ्या आहेत आणि त्यांची ताकद सारखी नाही. एसएमएसने येणारा कोड सगळ्यात कच्चा, कारण नंबर ज्याच्या हाती, कोडही त्याच्या हाती. ऑथेंटिकेटर ॲप फोनच्या आतच दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड तयार करतं, त्यामुळे सिम चोरून ते मिळत नाही. पण नकली पानावर आपणच तो कोड टाकला, तर समोरचा त्याच अर्ध्या मिनिटात वापरून मोकळा होतो. तिसरी पायरी पासकीची (फोनच्या कुलपाने उघडणारी, पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) किंवा हार्डवेअर सिक्युरिटी कीची (तेच काम करणारं छोटं उपकरण). ही किल्ली वेबसाइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे नकली पानावर ती चालतच नाही आणि आपल्याकडून चुकून दिलीही जात नाही. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२२ साली पासकीला एकत्र पाठिंबा जाहीर केला. आता बऱ्याच मोठ्या खात्यांत ती मिळते. मिळत असेल तिथे पासकी, नाहीतर ऑथेंटिकेटर, आणि काहीच नसेल तर एसएमएस. अजिबात दुसरं कुलूप नसण्यापेक्षा एसएमएस बरा.

इथे लोक हमखास एक चूक करतात: ऑथेंटिकेटर लावतात आणि बॅकअप कोड घेत नाहीत. मग फोन हरवला की स्वतःच बाहेर अडकतात. गूगल आठ आकड्यांचे दहा कोड देतं आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घरात ठेवा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवलेत तर फोनबरोबर तेही गेले.

शेवटी खात्याच्या सिक्युरिटी पानावर जाऊन रिकव्हरी नंबर बघा. सोडून दिलेला जुना नंबर तिथे असेल तर तो काढा, कारण बंद केलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात. लॉग-इन असलेल्या उपकरणांच्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका. आणि मेलच्या सेटिंग्जमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंग हे दोन्ही उघडून पाहा. आत शिरलेला माणूस बहुधा एक नियम लावून ठेवतो: बँकेकडून आलेल्या मेलची प्रत बाहेर पाठव आणि मूळ मेल कचऱ्यात टाक. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच चालू राहतो.

सिम

सिम स्वॅपमध्ये आपलं सिम आपल्या खिशातच असतं. चोर कंपनीला 'फोन हरवला, नवं सिम द्या' असं पटवतो आणि नंबर त्याच्या सिमवर जातो. खूण एकच: आजूबाजूच्या त्याच कंपनीच्या फोनना रेंज आहे आणि आपलाच फोन 'नो सर्व्हिस' दाखवतोय. रात्री उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी असं झालं तर 'सकाळी बघू' म्हणू नका. आपल्या कंपनीकडे नंबर लॉक किंवा पोर्ट लॉकची (नंबर दुसऱ्या सिमवर किंवा कंपनीकडे जाऊ न देण्याची) सोय आहे का ते विचारा आणि असेल तर लावून घ्या.

सिम पिनचा उपयोग वेगळा आहे. तो स्वॅप थांबवत नाही. चोरलेल्या फोनमधलं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी मिळवायचा मार्ग मात्र बंद करतो. लावण्याआधी कंपनीने ठरवलेला मूळ पिन माहीत करून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम उघडायला कंपनीकडचा पीयूके कोड लागतो आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं निकामी होतं.

कॉल फॉरवर्डिंगचा सापळा याच जातीचा. पार्सलवाला किंवा मोबाइल कंपनीचा माणूस म्हणून कोणीतरी *२१* किंवा **२१* पासून सुरू होणारा आणि # ने संपणारा आकडा डायल करायला सांगतो. तो डायल केला की आपले सगळे कॉल त्याच्याकडे वळतात. मग तो मेसेजिंग खात्यासाठी 'कोड फोनवर सांगा' हा पर्याय निवडतो आणि आपला कोड आपल्याआधी ऐकतो. बहुतेक जीएसएम नेटवर्कवर *#२१# डायल केल्यावर फॉरवर्डिंग चालू आहे का ते दिसतं आणि ##००२# ने सगळं रद्द होतं. त्याबरोबर व्हॉइसमेलही बंद होईल, तो हवा असेल तर पुन्हा लावा.

फोनचं कुलूप

चार आकडी पिनच्या शक्यता १०,००० आणि सहा आकडीच्या १० लाख. पण गर्दीत खांद्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच, म्हणून चारचौघांत बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरा. पिन आधी पाहून मग फोन हिसकावणाऱ्या टोळ्यांना आयफोनच्या पासकोडवरून ॲपल खात्याचा पासवर्डही बदलता यायचा. म्हणून ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ बरोबर 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आणलं. त्यात नुसता पासकोड चालत नाही, चेहरा किंवा बोट लागतं आणि मोठ्या बदलांसाठी तासभर थांबावं लागतं. ते चालू करा आणि 'ऑलवेज' हा पर्याय निवडा, म्हणजे घर-ऑफिससारख्या नेहमीच्या जागीही सूट मिळत नाही. अँड्रॉइडमध्ये 'थेफ्ट डिटेक्शन लॉक' हिसका बसल्याची हालचाल ओळखून स्क्रीन लॉक करतं. प्रत्येक कंपनी मेनू वेगळ्या जागी ठेवते, त्यामुळे सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'थेफ्ट' टाइप करणं सोपं.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका, नाहीतर लॉक असलेल्या फोनवरही ओटीपी वाचता येतो. बँकेच्या ॲपचा पिन फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवा. *#०६# डायल करून १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, कागदावर उतरवून ठेवा, चोरीची तक्रार देताना तो लागतो. सेटिंग्जमधली सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. ती वर्षाहून जुनी असेल आणि कंपनी नवे पॅच देत नसेल, तर त्या फोनवर गाणी ऐका, बँक नको.

ॲप आणि परवानग्या

अँड्रॉइडवर खरं नुकसान बहुतेक इथून होतं. मेसेजमधून एक एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करणारी फाइल) येते: पार्सलची पावती, दंडाची नोटीस, बँकेचं 'नवं' ॲप. इन्स्टॉल केल्यावर ते एसएमएस, नोटिफिकेशन आणि ॲक्सेसिबिलिटी मागतं. यातली तिसरी परवानगी नीट समजून घ्या. ज्यांना दिसत नाही किंवा बोटं नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी ती सोय केलेली आहे, म्हणून तिच्यात स्क्रीनवरचं सगळं वाचायची आणि आपल्या वतीने बटणं दाबायची ताकद आहे. चुकीच्या हातात ती गेली की ॲप स्वतःच बँक उघडतं, रक्कम भरतं, ओटीपी वाचतं आणि 'कन्फर्म' दाबतं. आपण काढून टाकायला गेलो तर सेटिंग्जचं पान मिटवूनही टाकतं.

२०२२च्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी मिळत नाही, आधी 'अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज' दाबावं लागतं. ठग हल्ली हेच बटण फोनवर बोलत बोलत दाबायला लावतात. कुणी ते दाबायला सांगितलं की तो कोण आहे हे तपासायची गरजच उरत नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी हे बघा, दहा मिनिटांचं काम आहे:

१. 'इन्स्टॉल अननोन ॲप्स': ब्राउझर, मेसेजिंग ॲप, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोर 'नॉट अलाउड' हवं.
२. 'ॲक्सेसिबिलिटी'मधली डाउनलोड केलेली ॲप्स: स्वतः विचार करून दिलेली परवानगी सोडून बाकी यादी रिकामी असावी.
३. 'नोटिफिकेशन ॲक्सेस': ज्याला हा आहे त्याला आपले ओटीपी दिसतात. स्मार्टवॉचचं ॲप इथे असणार, टॉर्चचं असायचं कारण नाही.
४. परवानग्यांमधला 'एसएमएस': मेसेजचं नेहमीचं ॲप आणि फार तर बँकेचं.
५. 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' (फोनवर खास ताबा असलेली) आणि 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' (दुसऱ्या ॲपवर स्वतःचं चित्र दाखवणारी): अनोळखी नाव दिसलं की काढा.

ॲप निघतच नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच फोनवर पॉवर मेनूतलं 'पॉवर ऑफ' दाबून धरलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये बाहेरची ॲप्स चालत नाहीत. आधी त्याचा ॲडमिन हक्क काढा, मग ॲप काढा. तरीही जमलं नाही तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं.

आयफोनवर हा प्रकार कमी. तिथे 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट'मध्ये ऑफिसने दिलेलं नसलेलं प्रोफाइल (फोनवर दुसऱ्याला ताबा देणारी सेटिंग) दिसलं तर काढा. गुंतवणुकीचं ॲप कुणी टेस्टफ्लाइटच्या (ॲपलच्या, चाचणीतली ॲप्स वाटण्याच्या सोयीच्या) लिंकवरून देत असेल तर घेऊ नका.

स्क्रीन शेअरिंगबद्दल एकच नियम. आपली स्क्रीन दुसऱ्याला दूरून दाखवणारी एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही प्रामाणिक साधनं आहेत, पण समोरून आलेल्या कॉलवर ती उघडायची नाहीत. मेसेजिंग ॲपच्या व्हिडिओ कॉलमधलं 'शेअर स्क्रीन'ही त्यातच मोडतं.

मेसेजिंग खातं

व्हॉट्सॲपवर टू-स्टेपचा सहा आकडी पिन लावा आणि त्याला ईमेल जोडा. मग 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा. खातं चोरायला आता ओटीपीच लागतो असं नाही. नंबर टाकून आठ अक्षरी कोडने नवं उपकरण जोडता येतं आणि ठग तो कोड 'मतदानासाठी' किंवा 'फोटो बघण्यासाठी' म्हणून आपल्याच फोनमध्ये टाकायला लावतात. आपला फोन नेहमीसारखा चालत राहतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. चॅटचा बॅकअपही एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड करा, म्हणजे आपल्या किल्लीशिवाय तो कुणाला वाचता येत नाही. ६४ आकडी किल्ली निवडलीत तर ती कागदावर उतरवा, हरवली तर कंपनीही बॅकअप उघडू शकत नाही.

फसवणूक ओळखायची कशी

चुकीच्या भाषेवरून ठग ओळखायचे दिवस गेले, एआय आता शुद्ध लिहून देतं. मजकुराऐवजी सांगाडा बघा: संपर्क त्यांनी केला, घाई किंवा भीती घातली, कुणाला सांगू नका म्हणाले आणि शेवटी काहीतरी दाबायला, टाकायला किंवा पाठवायला सांगितलं. चारपैकी दोन गोष्टी जुळल्या तरी फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः कॉल करा. त्यांनी दिलेल्या नंबरवर नको, आणि इंटरनेटवर शोधून सापडलेल्या 'कस्टमर केअर'वरही नको.

स्क्रीनवर दिसणारं नाव पुरावा नाही. कॉलर आयडी खोटा दाखवता येतो. एसएमएस पाठवणाऱ्याचं नावही खोटं लावता येतं आणि मग तो मेसेज बँकेच्या जुन्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत जाऊन बसतो, त्यामुळे वरचे खरे मेसेज खालच्या खोट्याला साक्ष देतात.

लिंक वाचायची रीत अशी: पत्त्यातलं 'एचटीटीपीएस'नंतरचं दुहेरी तिरकं चिन्ह सोडा, पुढचं पहिलं एकेरी तिरकं चिन्ह शोधा आणि तिथून उलटं, डावीकडे वाचा. 'माझीबँक.कॉम.लॉगिन-तपासणी.टॉप/खाते' यात मालक आहे 'लॉगिन-तपासणी.टॉप'. पुढचं 'माझीबँक.कॉम' हा नुसता मुखवटा. कुलपाचं चित्र पाहून भुलू नका. त्याचा अर्थ वाटेत कुणी ऐकत नाही एवढाच, पलीकडे कोण बसलंय ते त्यातून कळत नाही.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करून 'मिळणारे पैसे' घेताना पिन मागितला तर ते पैसे आपल्याकडून जाणार आहेत. नातेवाइकाच्या आवाजातला रडवेला फोनही आता बनवता येतो. घरच्यांत एक खुणेचा शब्द ठरवा, कुठे लिहू किंवा मेसेज करू नका. शब्द आठवत नसेल तर फोन ठेवून त्यांच्या नेहमीच्या नंबरवर उलट कॉल.

क्रिप्टो वॉलेट आणि इतर ठेवा

वॉलेट तयार करताना मिळणारे १२ किंवा २४ रिकव्हरी शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि ते शब्द म्हणजेच वॉलेट. ॲपचा पासवर्ड हा फक्त त्या फोनपुरता दरवाजा. शब्दांचा फोटो काढू नका: कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'स्पार्ककॅट' हा घातक प्रोग्राम उघडकीस आणला, तो गॅलरीतली चित्रं वाचून असे शब्द शोधायचा आणि दोन्ही अधिकृत स्टोअरमधल्या ॲपमध्ये सापडला होता. कागदावर लिहा, किंवा धातूच्या पट्टीवर कोरा. यादीत प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून वेगळा ओळखता येतो, त्यामुळे चारच कोरली तरी पुरतात.

क्रिप्टो पाठवताना समोरच्या वॉलेटचा पत्ता (अक्षरं-आकड्यांची लांब ओळ) जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. ठग आपल्या नेहमीच्या पत्त्याची सुरुवात आणि शेवट जुळणारा पत्ता तयार करून त्यावरून क्षुल्लक व्यवहार करतात, म्हणजे तो यादीत दिसेल आणि आपण तो कॉपी करू. मधली अक्षरंही जुळवा आणि मोठ्या रकमेआधी छोटी रक्कम पाठवून पाहा. एखाद्या साइटला आपली टोकन (वॉलेटमधली क्रिप्टो नाणी) वापरायची अमर्याद 'अप्रूव्हल', म्हणजे परवानगी, दिली असेल तर वॉलेट डिस्कनेक्ट केल्याने ती जात नाही, वेगळी रद्द करावी लागते.

फोटो आणि कागदपत्रांसाठी तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: फोनमधून पुसलं की सिंक क्लाउडमधूनही पुसतं. आपल्यामागे हे सगळं कुणाला मिळावं तेही ठरवा. ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट', गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर', ज्यात ३ ते १८ महिन्यांची मुदत निवडता येते.

ज्याची फार काळजी नको

सार्वजनिक चार्जिंग पॉइंटची भीती वास्तवापेक्षा मोठी आहे. डेटा द्यायचा का असं फोन आधी विचारतो, 'नाही' म्हणा, झालं. फुकट वायफायवरही बँकेचा व्यवहार एन्क्रिप्टेडच असतो. फोन 'साफ' करून देणारी ॲप्स मात्र काढून टाका, ती मागतात जास्त आणि देतात कमी.

घात झालाच तर पहिला तास

फोनमध्ये वाईट ॲप असल्याची शंका असेल तर आधी एअरप्लेन मोड लावा आणि वायफाय बंद करा, म्हणजे त्याला हुकूम मिळणं थांबतं. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कॉल करून खातं आणि कार्ड गोठवा. रेंज गेली असेल तर सिम कंपनीला. मग स्वच्छ उपकरणावरून ईमेलचा पासवर्ड बदला, सगळीकडून साइन-आउट करा, फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासा. हा क्रम उलटा करून बिघडलेल्या फोनवरच पासवर्ड बदलला तर नवा पासवर्डही चोराला मिळतो.

व्हॉट्सॲप गेलं असेल तर आपल्या नंबरने पुन्हा नोंदणी करा, चोर बाहेर फेकला जातो. त्याने स्वतःचा टू-स्टेप पिन लावला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, तोवर ओळखीच्यांना दुसऱ्या मार्गाने कळवा. क्रिप्टोचे शब्द फुटले असतील तर उरलेलं लगेच नव्या शब्दांच्या नव्या वॉलेटमध्ये हलवा.

चॅट, नंबर, व्यवहार क्रमांक यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, काहीही पुसू नका. पोलिसांत त्याच दिवशी तक्रार द्या, पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीलाच असते. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी, पुरावे घेतल्यावर.

आणि काही दिवसांनी एक फोन येईल: 'तुमचे बुडालेले पैसे आम्ही परत मिळवून देतो, फक्त प्रक्रियेची फी आधी भरा.' फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. हा फोन करणारा त्याच यादीवरून बोलत असतो.